दोन विंडो शेजारीशेजारी लावल्या तरी पुन्हा पुन्हा विस्कटतात? काय काय तपासायचं

जुलैअखेरची गर्दी होती. पीकविम्याचे अर्ज भरायला आलेली माणसं दुकानातल्या बाकावर, ओट्यावर आणि समोरच्या निंबाच्या सावलीत बसलेली. एका आबांनी पिशवीतून सातबारा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, यंदा मन्हा गट नंबर बरोबर टाकजो."

आदल्या वर्षी तो मी चुकवला होता. सातबाऱ्यावर ११२/२/अ होतं, अर्जात मी ११२/२ टाकलं. सातबारा एका टॅबमध्ये, अर्ज दुसऱ्या टॅबमध्ये. इकडे वाचायचं, ध्यानात ठेवायचं, तिकडे जाऊन टाकायचं. एवढ्यात कोणीतरी झेरॉक्स मागितली आणि शेवटचा 'अ' राहून गेला. अर्ज परत आला आणि आबांना भर पावसात दोन खेपा पडल्या. क्षेत्राचंही असंच होतं. शेतकरी तोंडी सांगतो "दोन एकर", सातबाऱ्यावर असतं ०.८१ हेक्टर, आणि अर्जाला हेक्टर-आरच लागतं. कागद डोळ्यांसमोर नसला की हात तोंडी ऐकलेला आकडाच टाकतो.

त्या दिवसापासून दुकानात नियम केला: डावीकडे सातबारा, उजवीकडे अर्ज, दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. नियम करायला सोपा होता. विंडो त्या जागी टिकवणं मात्र जड गेलं. आज नीट लावाव्यात, उद्या बघावं तर एकीवर एक चढलेली. कधी बाण दाबूनही विंडो हलत नाही. कधी लाइट जाऊन आली की सगळ्या एका कोपऱ्यात गोळा. अमळनेर, पारोळा, शिरपूर, शहादा अशा ठिकाणी अर्ज भरायचं काम करणारे माझ्यासारखेच कितीतरी जण आहेत. फोनवर बोलणं झालं की सगळ्यांचं दुखणं हेच निघतं. वर्षभरात मला कळलं ते असं, की हे एक दुखणं नाही. पाच-सहा वेगवेगळी कारणं आहेत आणि सगळी दिसायला सारखीच दिसतात. म्हणून एका कारणावर केलेला उपाय दुसऱ्या दिवशी फसतो.

आधी बरोबर कसं चालतं ते

एक विंडो समोर घ्या. विंडोज बटण दाबून ठेवा आणि डावा बाण दाबा. विंडो डाव्या अर्ध्या भागात जाऊन बसते. उरलेल्या अर्ध्या भागात बाकीच्या उघड्या विंडोंची छोटी चित्रं दिसतात. त्यातली हवी ती निवडली की ती उजवीकडे बसते. माऊसनेही होतं: वरची पट्टी धरून विंडो डाव्या कडेला ओढत न्यायची. इथे पुष्कळ जण एका गोष्टीत चुकतात. स्क्रीनच्या कडेला विंडोची कड लागून भागत नाही, माऊसचा बाण स्वतः लागावा लागतो. विंडो अर्धी बाहेर गेलेली असते आणि बाण अजून मधेच असतो, मग काहीच होत नाही.

अर्ध्या भागाची ही सोय विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. चार कोपऱ्यांत चार विंडो आणि शेजारच्या विंडोची चित्रं ही भर विंडोज १० मध्ये पडली. तिथे डाव्या बाणानंतर लगेच वरचा बाण दाबला की विंडो वरच्या डाव्या कोपऱ्यात जाते. विंडोज ११ मध्ये विंडोज बटण आणि झेड दाबलं की मांडणीचे नकाशेच समोर येतात. जुन्या सवयीच्या लोकांना टास्कबारवर उजवी क्लिक करून 'शो विंडोज साइड बाय साइड' निवडायची सवय आहे. तो पर्याय विंडोज १० पर्यंत होता, ११ मध्ये तो नाही. तो शोधत बसू नका, मशीन बिघडलेलं नाही.

बाण दाबूनही काहीच होत नाही

नुसतं विंडोज बटण दाबून बघा. स्टार्ट मेनू उघडला नाही तर दोष बटणात आहे. कीबोर्डवर ते बटण बंद करायची सोय असते, पुष्कळदा एफएन आणि विंडोज बटण एकत्र दाबून. पुसताना किंवा फायली ठेवताना ते चुकून दाबलं जातं. पुन्हा तेच दोन्ही दाबा.

स्टार्ट मेनू उघडतो पण विंडो बसत नाही, तर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, तिथे मल्टिटास्किंग, आणि तिथे 'स्नॅप विंडोज' हा स्विच चालू आहे का बघा. याच गोष्टीचा दुसरा दरवाजा जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. 'ईज ऑफ ॲक्सेस'मध्ये माऊस सोपा करायच्या पानावर एक चौकट असते: विंडो कडेला नेली की आपोआप लागू नये, अशा अर्थाची. तिथे टिक असली की ही सोय बंद. विंडो सारख्या कडेला चिकटतात म्हणून कोणी वैतागून ती टिक करून ठेवतो आणि विसरतो. एका मशीनवर चार हात फिरत असतील तर हे दोन्ही दरवाजे बघा.

आणखी एक. ज्या विंडोच्या कोपऱ्यात ती मोठी करायचा चौकोन नसतो, ती अर्ध्या भागात बसतच नाही. डिजिटल सहीची छोटी चौकट, प्रिंटची चौकट या तशाच. त्यांच्यावर वेळ घालवू नका, हाताने बाजूला सरकवा.

विंडो बसतात, पण एकीवर एक चढतात

आमच्याकडचं सगळ्यात चिवट दुखणं हे. सकाळी मी दोन विंडो लावायचो, मधली रेघ अगदी सरळ. संध्याकाळी दुकानात यावं तर अर्जाची विंडो सातबाऱ्यावर दोन-तीन बोटं चढलेली, आणि नेमका क्षेत्राचा रकाना झाकलेला. मी पुन्हा लावायचो, पुन्हा तेच. तीन आठवडे मी ब्राउझरला दोष देत होतो. काढून पुन्हा टाकलाही.

मग एके दिवशी दुपारी जेवून लवकर परतलो. गल्ल्यावर आप्पा बसले होते. मी शेतावर किंवा तालुक्याला गेलो की दुपारी वडीलच दुकान सांभाळतात. चष्मा कपाळावर, तोंड स्क्रीनजवळ, आणि सेटिंग्जचं पान उघडं. "अक्षरं बारीक दिसतात रे, म्हणून मोठी करतो. तू येशील तेव्हा परत करून ठेवतो," म्हणाले. परत करायचं बऱ्याचदा राहून जायचं.

हिशोब असा आहे. आमचा मॉनिटर १३६६ × ७६८ चा, लहान दुकानांत पुष्कळदा हाच असतो. स्केल म्हणजे सेटिंग्जमध्ये डिस्प्लेच्या पानावरचं, सगळं किती मोठं दिसावं याचं प्रमाण. ते १०० टक्के असेल तर अर्ध्या भागाला ६८३ पिक्सेल मिळतात. १२५ टक्के केलं की कामाची रुंदी सुमारे १०९३ उरते आणि अर्धा भाग ५४६ चा. १५० टक्के केलं की अर्धा भाग ४५५ वर येतो. ब्राउझरची विंडो साधारण ५०० पिक्सेलच्या आत आकसत नाही. जागा ४५५ ची, विंडो ५०० ची, मग ती शेजारणीवर चढणारच. आप्पांनी दर दुपारी स्केल १५० करायचं आणि मी दर संध्याकाळी ब्राउझरवर राग काढायचा, असं चाललं होतं.

आप्पांना बारीक अक्षरं वाचायला लावणं हा उपाय नव्हता, त्यांचं दिसणंही तितकंच महत्त्वाचं. म्हणून मशीनवर त्यांच्या नावाचं वेगळं खातं काढलं. त्यांच्या खात्यात स्केल १५०, माझ्या खात्यात १००. आपापल्या खात्यात शिरलं की आपापली अक्षरं, एकाची सेटिंग दुसऱ्याला लागत नाही. त्यांच्या खात्यात दोन विंडो शेजारीशेजारी बसत नाहीत. ते सातबाऱ्याची प्रिंट काढून टेबलावर ठेवतात आणि अर्ज पूर्ण स्क्रीनवर भरतात. त्यांच्या हातून एकही गट नंबर चुकलेला नाही.

वेगळं खातं नको असेल तर आणखी दोन वाटा आहेत. विंडोज ११ मध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'टेक्स्ट साइझ' आहे. तिथे फक्त अक्षरं वाढतात, विंडोची मापं तशी बदलत नाहीत. दुसरी वाट म्हणजे स्केल १०० ठेवून ब्राउझरच्या आत कंट्रोल आणि अधिक दाबत पान मोठं करायचं. उलट अर्जाचं पान अर्ध्या भागात मावत नसेल, उजवीकडचे रकाने कापले जात असतील, तर कंट्रोल आणि वजा दाबून पान ८० टक्क्यांवर आणा. अर्ज बनवताना पूर्ण स्क्रीन धरलेली असते, त्यामुळे अर्ध्या भागात तो पुष्कळदा आडवा सरकवावा लागतो. कंट्रोल आणि शून्य दाबलं की पान मूळ मापावर येतं.

मशीन फॉरमॅट मारून आणल्यापासून सगळंच मोठं दिसतं

विंडोज नव्याने टाकल्यावर डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन नीट चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायचा राहिला की असं होतं. डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' बघा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असं नाव असेल तर खरा ड्रायव्हर नाही. रिझोल्यूशन १०२४ × ७६८ सारख्या मापावर अडकतं आणि अर्ध्या भागाला ५१२ च उरतात. मशीनच्या किंवा मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, मग सेटिंग्जमध्ये डिस्प्लेवर जाऊन 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशन निवडा. ड्रायव्हर बरोबर असूनही योग्य माप यादीत दिसत नसेल तर केबल बदलून बघा. निळ्या टोकाच्या जुन्या व्हीजीए केबलची एखादी पिन वाकली असेल तर मशीनला मॉनिटरचं माप कळत नाही. आमच्याकडे एकदा दीड तास ड्रायव्हरमध्ये गेला आणि दोष निघाला केबलमध्ये.

दोन कागद उघडे आहेत, पण वेगळे होतच नाहीत

इथे विंडो बिघडलेली नसते. दोन्ही कागद एकाच विंडोत असतात आणि बाण दाबला की दोन्ही मिळून हलतात.

ब्राउझरमध्ये दोन टॅब असतील तर त्यातला एक टॅब धरून खाली ओढा आणि सोडा, त्याची वेगळी विंडो होते. लिंक उघडतानाच शिफ्ट दाबून क्लिक केलं तर ती थेट वेगळ्या विंडोत उघडते. दिवसभर अर्ज भरणाऱ्याने ही एक सवय लावून घ्यावी, बाकी काही नाही जमलं तरी चालेल.

पीडीएफचं तसंच. ॲडोबी रीडरमध्ये सातबारा आणि ८-अ एकाच विंडोत टॅब होऊन बसतात. एडिट, प्रेफरन्सेस, जनरल या वाटेने गेलं की नवीन कागद त्याच विंडोत टॅब म्हणून उघडायची एक टिक दिसते. ती काढा आणि रीडर बंद करून पुन्हा उघडा.

एक्सेलचं प्रकरण जरा मोठं आहे, कारण इथे आवृत्तीवर अवलंबून आहे. एक्सेल २०१० आणि त्याआधी सगळ्या फायली एकाच मोठ्या विंडोच्या पोटात उघडायच्या. म्हणून बाण दाबला की दोन्ही फायली एकत्र अर्ध्या भागात जायच्या आणि माणूस चक्रावायचा. एक्सेल २०१३ पासून प्रत्येक फाइलची विंडो वेगळी झाली आणि बाणांनी काम होऊ लागलं. जिनिंगच्या हिशोबाला, पतपेढीच्या खातेवहीला जुनं एक्सेल अजून चालवणारे आहेत. त्यांनी व्ह्यू मेनूमध्ये 'अरेंज ऑल' घ्यावं आणि 'व्हर्टिकल' निवडावं. फायली शेजारीशेजारी येतात. एकाच फाइलचे दोन भाग एकत्र बघायचे असतील, समजा कापसाच्या वजनाचं पान आणि पैशाचं पान, तर आधी व्ह्यूमधलं 'न्यू विंडो' दाबा आणि मग 'अरेंज ऑल' घ्या.

'व्ह्यू साइड बाय साइड' हे बटणही तिथेच आहे, पण ते पुष्कळदा फायली एकीखाली एक लावतं. आणि त्यासोबत 'सिंक्रोनस स्क्रोलिंग' चालू होतं: एक फाइल सरकवली की दुसरीही तेवढीच सरकते. दोन वर्षांच्या याद्या ओळीने पडताळायला ते फार कामाचं आहे. पण ते माहीत नसलेल्याला वाटतं फाइलला भूत लागलं. शिरपूरहून एका मित्राचा रात्री दहाला फोन आला होता तो यासाठीच. दोन्ही फायली समोर ठेवून व्ह्यूमधलं 'सिंक्रोनस स्क्रोलिंग'चं बटण एकदा दाबायचं, झालं.

विंडो चालू आहे, पण दिसत नाही

प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर काढून घेतल्यावर हे होतं. टास्कबारवर चिन्ह असतं, क्लिक केलं तरी स्क्रीनवर काही येत नाही. विंडो स्क्रीनच्या बाहेरच्या, आता नसलेल्या भागात राहिलेली असते. चिन्हावर एकदा क्लिक करून ती विंडो पुढे घ्या, मग आल्ट आणि स्पेस दाबा, नंतर एम. आता डावा किंवा उजवा बाण एकदा दाबून माऊस हलवा, विंडो माऊसला चिकटून येते. एम दाबून काही होत नसेल तर ती पूर्ण मोठी केलेली आहे, आधी आल्ट-स्पेस आणि आर दाबून ती लहान करा. दोन मॉनिटर खरंच जोडलेले असतील तर विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबून विंडो या मॉनिटरवरून त्या मॉनिटरवर जाते. ग्रामसभेत प्रोजेक्टर लावला आणि आपल्या स्क्रीनचं मापही बिघडलं, तर विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट'ऐवजी 'एक्स्टेंड' घ्या. काम संपल्यावर 'पीसी स्क्रीन ओन्ली'.

लाइट जाऊन आली की सगळं विस्कटतं

मागच्या उन्हाळ्यात जुना दुसरा मॉनिटर घेतला. सातबारा पूर्ण एका मॉनिटरवर, अर्ज पूर्ण दुसऱ्यावर. पहिले चार दिवस डोळ्यांना असा आराम मिळाला की सांगता येत नाही. मग मे महिना लागला. खान्देशातला मे म्हणजे पारा ४५ च्या आसपास, आणि दुपारी लाइटचं येणं-जाणं. लाइट गेली, यूपीएसने कुईं केलं, मशीन चालू राहिलं. लाइट आली आणि बघतो तर दोन्ही मॉनिटरवरच्या विंडो एकाच मॉनिटरवर गोळा झालेल्या, मापंही बदललेली. दिवसातून चार-चार वेळा. अर्धवट भरलेला अर्ज शोधायचा, पुन्हा ओढून पलीकडे न्यायचा, तोवर पोर्टलवरची वेळ संपलेली.

कारण टेबलाखाली होतं. सीपीयू आणि पहिला मॉनिटर यूपीएसवर, नवा मॉनिटर मात्र भिंतीतल्या साध्या सॉकेटमध्ये, कारण यूपीएसच्या मागे जागा उरली नव्हती. लाइट जाते, मशीन जागं असतं, पण दुसरा मॉनिटर बंद पडतो. मशीनला वाटतं मॉनिटर काढून घेतला. ते त्याच्यावरच्या विंडो उचलून उरलेल्या मॉनिटरवर आणून ठेवतं. मॉनिटर परत येतो तेव्हा विंडो आपल्या जागी जातीलच असं नाही. मॉनिटर डिस्प्लेपोर्ट केबलने जोडलेला असेल तर हे हमखास होतं. एचडीएमआयवर मॉनिटरगणिक फरक पडतो. व्हीजीएवर सहसा होत नाही. स्वतः बघायचं असेल तर लाइट असतानाच दुसऱ्या मॉनिटरची विजेची पिन दहा सेकंद उपसून पुन्हा लावा. विंडो हलल्या तर हेच कारण.

विंडोज ११ मध्ये यावर सेटिंग आहे. डिस्प्लेच्या पानावर 'मल्टिपल डिस्प्लेज'मध्ये 'रिमेंबर विंडो लोकेशन्स बेस्ड ऑन मॉनिटर कनेक्शन' ही टिक चालू ठेवा. मॉनिटर परत आला की विंडो आपापल्या जागी जातात. विंडोज १० मध्ये ही टिक नाही. १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याचा नेहमीचा आधारही संपला, त्यामुळे तिथे ती येईल म्हणून थांबू नका.

आमच्याकडे सेटिंगपेक्षा पिन बदलण्याने जास्त काम झालं. यूपीएसच्या मागे तीन जागा होत्या: सीपीयू, मॉनिटर, आणि तिसऱ्यात राउटर. राउटरला बाराशेचा छोटा वेगळा बॅकअप घेतला आणि ती जागा दुसऱ्या मॉनिटरला दिली. एलईडी मॉनिटर साधारण २० ते २५ वॉट घेतो, घरगुती यूपीएसला तो जड नाही. फक्त मोकळी दिसली म्हणून लेझर प्रिंटरची पिन तिथे लावू नका. प्रिंटर तापताना कित्येकशे वॉट ओढतो, यूपीएस तिथेच बसतो आणि मग दोन्ही मॉनिटर, मशीन, अर्ज सगळंच एकदम जातं. आमच्या यूपीएसवर आप्पांनी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: "प्रिंटर इथे नाही."